मधलीचे लावे

तिघा भावंडांत ती मधली, म्हणून सगळे तिला मधलीच म्हणायचे. थोरला अभ्यासात पुढं, धाकटी सगळ्यांच्या गळ्यातला ताईत, आणि मधली नुसतीच मधली. शाळेत तिचा नंबर वरून मोजा की खालून, सारखाच यायचा. आत्या एकदा सहज बोलून गेली, "हिच्या हाताला यश नाही बाई." निमित्त काय, तर मधलीनं कुंडीत लावलेली कोरफड मेली होती. कोरफड अशी आपण होऊन मरत नाही. तिला मारायलाही अंगी काही गुण लागतो. सगळे हसले. मधलीही हसली. पण ते वाक्य मनात रुतून बसलं ते बसलंच.

त्या वर्षी ती पंधरा वर्षांची होती आणि बाबा घरी बसले होते.

बाबा पाण्याच्या मोठाल्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डर. सव्वीस वर्षं त्यांनी टाकीच्या पोटात उतरून आतले सांधे जोडले. आत वारा नाही, धुराला जायला वाट नाही. जाईल तो माणसाच्या छातीत. पुढंपुढं जिना चढताना ते मजल्यामजल्यावर थांबायला लागले, मग दर दहा पायऱ्यांना. कारखान्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलं, ह्यांना हलकं काम द्यावं. कारखान्यात हलकं काम नव्हतंच. तेव्हा बाबा घरी आले आणि खिडकीशी खुर्ची टाकून बसले. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायला सकाळीच जायची. थोरला दुसऱ्या गावी शिकायला. मधली शाळेतून यायची तेव्हा बाबा त्याच खुर्चीत, आणि सकाळी हातात दिलेला पेपर तसाच घडीत. ह्या माणसाला दोन मिनिटं स्वस्थ बसवत नाही म्हणून आई जन्मभर कावली होती. आता तो बसला होता, तर बघवत नव्हतं.

एका रविवारी मधली धाकटीला घेऊन पाखरांच्या गल्लीत गेली. बघायचे होते पोपट, पण नजर गेली ती जमिनीलगतच्या एका पसरट पिंजऱ्याकडं. आत मुठीएवढे, गोलमटोल, वाळल्या गवताच्या रंगाचे पक्षी लगबगीनं इकडून तिकडं पळत होते. सगळ्यांनाच कुठंतरी पोचायला उशीर झाल्यासारखे.

"लावे आहेत, बाळ," पाखरंवाला म्हणाला. "पाळायला ह्यांच्याइतकं सोपं काही नाही. ओरडत नाहीत, चावत नाहीत, उडत नाहीत. दोन महिन्यांत अंडी सुरू."

"लवकर मरत नाहीत ना?"

पाखरंवाल्यानं मान वर करून तिच्याकडं नीट बघितलं. "जपलं तर नाही."

सहा माद्या आणि एक नर, असं सांगून त्यानं सात पक्षी बुटांच्या खोक्यात घालून दिले. घरी आल्यावर आईनं दारातच अडवलं.

"हे काय आणलंस?"

"लावे."

"काय लावू?" खिडकीशेजारून बाबा म्हणाले. "खिळा लावू, दार लावू, की दिवा लावू?"

चार महिन्यांत त्यांच्या तोंडून निघालेली ती पहिली थट्टा. आई रागवायला तोंड उघडून उभी होती, तिनं ते मिटलं. दुसऱ्या दिवशी आत्या येऊन खोक्यात डोकावली आणि म्हणाली, "आधीच काय कमी होतं ह्या घरात, म्हणून आता ही लावालावी!" पण तोवर पक्षी राहायचे हे ठरून गेलं होतं.

मागं एक गॅलरी होती, चिंचोळी. दोन माणसं शेजारी उभी राहिली की तिसऱ्याला वळायला जागा नाही. बाबा टेप घेऊन तिथं गेले आणि सगळीकडून मापं घेतली. माळ्यावर एक मोडकी लोखंडी खाट होती, तिच्या पट्ट्या सोडवल्या. वेल्डिंगचं नाव काढायचं नाही, अशी आईची ताकीद होती; म्हणून सगळं नट-बोल्टावर. बाबा पट्टी धरायचे, मधली करवत चालवायची.

"दाबू नकोस ग. नुसती ओढायची. घाई केलीस की पातं तुटतं, धीर धरलास की लोखंड आपण होऊन सोडतं."

पंधरा वर्षांत बाबा काय काम करतात हे तिला नावापुरतं ठाऊक होतं. लोखंड कुठं तापतं, कुठं वाकतं, भोक पाडताना थेंबभर तेल का सोडायचं, हे ती आत्ता ऐकत होती. दर दहा मिनिटांनी बाबा खाली बसून श्वास गोळा करायचे. मग पुन्हा उठायचे.

पिंजरा गॅलरीभर लांब झाला. उंची बाबांनी मुद्दाम मधलीच्या खांद्याएवढी ठेवली.

"मोकळं वाटलं पाहिजे बिचाऱ्यांना," ते म्हणाले. "कोंडून घेणं काय असतं ते मला विचार."

तिसऱ्या दिवशी मधलीच्या हातून दाण्याचं ताट फरशीवर पडलं. खणखणाट झाला आणि एक लावी गोफणीतून सुटलेल्या दगडासारखी सरळ वर गेली. छताच्या पट्टीवर टक् असा आवाज झाला, फार मोठाही नाही. लावी खाली पडली. बाबांनी तिला उचललं, तर मान कुठंही वळत होती.

वाचनालयात पाखरं पाळण्याचं एक जुनं पुस्तक मधलीला सापडलं, ते ह्या लावीला कुंडीत पुरल्यानंतर. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: लावे घाबरले की सरळ वर उडतात, म्हणून छत एक तर हातभर उंचीचं असावं, नाही तर माणसाच्या कितीतरी वर. मधलं काही नको. तिनं ते बाबांना वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली तेव्हा चारी खांब हातभर उंचीवर कापलेले होते आणि छताखाली जुनी चादर ताणून बांधलेली होती. ते सगळं काम त्यांनी एकट्यानं केलं होतं. ओठ काळेनिळे पडले होते.

"मोकळं वाटावं म्हणून केलं ग मी उंच," ते म्हणाले.

पुढं तेच होत गेलं. शहाणपण यायचं, पण एक पाखरू उशिरा. पाखरंवाल्यानं सांगितलेला एक नर, ते निघाले दोन. दोघांचं जुंपलं, आणि त्यांच्या तावडीत सापडून एका लावीच्या डोक्यावरची पिसं उपटून निघाली. तेव्हा पुस्तकातलं दुसरं पान वाचलं: एका घोळक्यात एकच नर. मधलीनं दुर्बळ नराला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं. त्या पिंजऱ्याची जाळी मोठ्या भोकांची होती. सकाळी बघितलं तर उंदरानं बाहेरूनच पंजा घालून त्याला ओढलं होतं. जाळीच्या अलीकडं नुसते पंख. तिसरं पान: जाळीतून माणसाची करंगळीही जाता कामा नये. पुढच्याच आठवड्यात एक लावी कोपऱ्यात फुगून बसली, दोन दिवस खाल्लं नाही, आणि गेली. तिचं काय चुकलं, ते कुठल्याच पानावर सापडलं नाही.

"आत्याचं खरंय, बाबा," मधली म्हणाली. "माझ्या हाताला यश नाही."

"हाताला यश नसतं," बाबा म्हणाले. "हाताला सवय असते. मी पहिल्या वर्षी जोडलेल्या सगळ्या टाक्या गळल्या."

"सगळ्या?"

"एक नव्हती गळली. ती कुणी वापरायलाच काढली नव्हती."

दोघंही हसली. हसता हसता बाबांना जोराची ढास लागली. मधलीनं पाणी आणून दिलं.

उरले तिघीजणी आणि एक नर. नर छाती काढून फेऱ्या मारायचा, म्हणून तो फौजदार. डोक्यावरची पिसं गेलेली ती टकली. एक लावी दाण्याला चोच लावण्याआधी चारी बाजूंनी बघून घ्यायची, ती बाईसाहेब. चौथी सारखी लपून बसायची, तिला नावच पडलं नाही. थोड्याच दिवसांत अंडी सुरू झाली. बोटाच्या पेराएवढी, पिवळट, वर तपकिरी शिंतोडे. पंधरा दिवस बघितल्यावर मधलीच्या ध्यानात आलं, की प्रत्येकीच्या अंड्यावरची नक्षी वेगळी आणि रोज तीच. टकलीच्या अंड्यावर मोठाले डाग, शाई सांडल्यासारखे. बाईसाहेबांच्या अंड्यावर बारीक कण. चौथीचं अंडं जवळजवळ कोरं.

"सही आहे ही त्यांची," बाबा म्हणाले. "आपलं काम आहे असं सांगायला. मीसुद्धा टाकीच्या बुडाला आतून बोटाएवढी रेघ ओढायचो. कुणाला दिसायची नाही."

आता बाबांची खुर्ची खिडकीपाशी नव्हती, गॅलरीत होती. दुपारभर ते तिथं. एका पसरट डब्यात मधली वाळू आणि राख घालून ठेवायची. तो डबा दिसला की चारही पक्षी त्यात शिरून लोळायचे, पंखांनी धूळ उडवायचे, पाय वर करून पडायचे. ते बघताना बाबा मांडीवर थाप मारून हसत. शाळेतून येताना जिन्यातच तिला ते हसणं ऐकू यायचं, आणि ती उरलेल्या पायऱ्या पळत चढायची.

मग थंडी पडली. गॅलरीतून बोचरं वारं यायला लागलं, पक्षी अंग फुगवून बसायला लागले. ह्या वेळी एक पाखरू गमवायच्या आधी शहाणं व्हायचं, असं मधलीनं ठरवलं. तिनं आणि बाबांनी मिळून गॅलरीची उघडी बाजू जाड प्लास्टिकनं वरपासून खालपर्यंत बंद केली. कडा पट्ट्यांनी चिकटवल्या. कुठून फट राहिली नाही. आत छान ऊब आली. उन्हाच्या तिरिपीत धूळ तरंगताना दिसायची.

बाबांच्या अंगात संध्याकाळी कसर यायला लागली. दुपारी बरे असायचे, दिवस कलला की थंडी वाजायची, अंग दुखायचं, खोकला थांबायचा नाही. सकाळी पुन्हा बरे. आई म्हणाली, हवा बदलली. बाबा म्हणाले, वय बदललं. पण वजन उतरायला लागलं तेव्हा छातीच्या डॉक्टरांकडं जायचं ठरलं. आईला सुट्टी मिळाली नाही, म्हणून सोबत मधली गेली.

मधल्या काळात बाबांनी एक पेटी बनवली होती. लावी अंडी घालते, पण पिंजऱ्यातली लावी त्यांवर बसत नाही. ऊब माणसानं द्यायची. थर्माकोलची पेटी, आत बल्ब, पाण्याची वाटी, थर्मामीटर. नऊ अंडी ठेवली होती. दिवसातून तीनदा फिरवायची, अठराव्या दिवसापर्यंत पिल्लं बाहेर येतात. बाबांनी भिंतीवर पेन्सिलीनं चार रेघा ओढल्या होत्या.

छातीच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. घाई असूनही शांत. त्यांनी फोटो दिव्यासमोर धरला, पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग खुर्चीत बसून एकेक विचारायला लागल्या. काम काय करत होता? किती वर्षं? तोंडाला मास्क असायचा का? विडी, सिगारेट?

"घरात कबुतरं, कोंबड्या, पोपट? कुठली पाखरं आहेत का?"

"नाही," बाबा म्हणाले.

मधली फाईल मांडीवर घेऊन शेजारी बसली होती. बाबांनी तिच्याकडं बघितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. तोंड उघडायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तिच्यापाशी होता. तो गेला.

घराचा जिना चढताना बाबा पाचव्या पायरीवर टेकले. धाप ओसरल्यावर म्हणाले, "चार दिवस झाले ना अंडी ठेवून?"

"हो."

"मग चौदा राहिले."

बस्स. 

घरी आल्यावर मधलीनं पुस्तक काढलं. पाखरांच्या आजारांची पानं तिची पाठ झाली होती. पाळणाऱ्या माणसासाठी शेवटी एक छोटंसं प्रकरण होतं, ते तिनं कधी उघडलंच नव्हतं. पिसांचा कोंडा आणि सुकलेल्या विष्ठेची धूळ काही माणसांच्या छातीला बाधते. बंद जागेत अधिक. संध्याकाळी ताप, थंडी, खोकला. आधीच छाती दुखरी असेल त्यानं पाखरांपासून लांब राहावं. तिनं ते तीनदा वाचलं आणि पुस्तक दप्तरात खाली, अगदी तळाशी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं प्लास्टिक अर्धं उघडलं. वाळू ओली केली. ओल्या वाळूकडं पक्ष्यांनी पाठ फिरवली. बाबांना म्हणाली, तोंडाला रुमाल बांधा. त्यांनी बांधला, आणि दहा मिनिटांनी गळ्यात ओढला.

"आत बसा ना बाबा. मी सांगते येऊन काय करतायत ते."

"त्या खिडकीपाशी मला धाप लागते, मधले," ते म्हणाले. "इथं लागत नाही."

बाबांच्या सुखासाठी आपण गप्प राहिलो, असं तिला पुढं म्हणता आलं असतं. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. पेटीत नऊ अंडी होती. जन्मात एकदा तरी तिच्या हातून काहीतरी जिवंत बाहेर यायचं होतं. ते आलं की सांगू, असं तिनं स्वतःला सांगितलं. चौदा दिवसांनी असं काय मोठं होणार होतं?

सतराव्या दिवशी दुपारी बाईसाहेबांच्या एका अंड्याला तडा गेला. बाबा पेटीसमोर जमिनीवर बसले होते, शाळा चुकवून मधलीही. दोन तासांनी कवचाची टोपी उघडावी तशी बाजूला झाली आणि मधमाशीसारख्या पट्ट्यांचं, ओलंगिच्च पिल्लू बाहेर पडलं. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आलं ग," एवढंच म्हणाले.

बाकीची आठ अंडी तशीच राहिली. पिल्लू वाळलं, पिवळं दिसायला लागलं, पण उभं राहिना. पाय दोन्ही बाजूंना फाकायचे, पोटावर पडायचं. पेटीच्या तळाशी गुळगुळीत कागद होता. कोवळे पाय त्यावर घसरतात, सांध्यातून निघतात, म्हणून खाली खरखरीत कापड हवं. हेही पुस्तकात होतं. मधलीनं दोऱ्यानं पाय बांधून बघितले. बाबांनी ओंजळीत धरून त्याला पाण्याचा थेंब पाजला. दीड दिवस ते जगलं.

त्या दिवशी बाबांना "जाऊ दे" एवढंही एका श्वासात म्हणता आलं नाही. "जाऊ" म्हणाले, थांबले, आणि "दे" ओठांतच राहिलं.

मधली उठली आणि तडक इस्पितळाच्या धुलाईखान्यात गेली. तळघरात मोठी मोठी यंत्रं घरघरत होती, वाफेनं समोरचं माणूस धूसर दिसत होतं. आई आणि आणखी एक बाई चादरीची टोकं धरून घडी घालत होत्या. मधलीनं हळू सांगायचा प्रयत्न केला. आईनं कानाला हात लावून खूण केली, ऐकू येत नाही.

"डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात पाखरं आहेत का!" मधली ओरडली. "बाबा नाही म्हणाले! मी तिथंच होते! मी काही बोलले नाही!"

चार बायका वळून बघायला लागल्या. आईनं हातातली चादर सोडली नाही. टोकाला टोक जुळवलं, घडी पुरी केली, गठ्ठ्यावर ठेवली. मग हात पुसून म्हणाली, "चल."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. आजच्या आज पक्षी बाहेर, गॅलरी धुऊन काढा, औषध बदलून देते, म्हणाल्या. निघताना मधली दारातून मागं फिरली.

"तेव्हाच सांगितलं असतं, तर?"

"काय सांगू बाळ तुला?" त्या म्हणाल्या. "धुरानं किती नासलं आणि पाखरांनी किती, हे फुप्फुसावर लिहिलेलं नसतं. नसतंच झालं असं नाही. झालंच असतं असंही नाही."

ह्यापेक्षा शिवी बरी होती. शिवीला तळ तरी असतो.

घरी बाबा भिंतीकडं तोंड करून पडले होते.

"मला विचारायचंस," ते म्हणाले.

"विचारलं असतं तर नको म्हणाला असतात."

"हो."

मधलीनं खोकं आणलं. चौघांना एकेक करून पकडलं. टकली हातात स्वस्थ राहिली. तिला पकडून घ्यायची सवय झाली होती. मधली दाराशी पोचली तेव्हा आतून आवाज आला, "खाली गवत घाल. पुठ्ठ्यावर पाय घसरतात."

पाखरंवाल्यानं खोकं उघडून बघितलं. "चांगले ठेवलेस की," तो म्हणाला, आणि चौघांना जमिनीलगतच्या पसरट पिंजऱ्यात सोडलं.

"काका, पाळायलाच द्याल ना? कापायला नको."

"द्यायला मी देईन शब्द," तो म्हणाला. "पण माझ्या शब्दावर तू जाऊ नकोस. घरी नेऊन कोण काय करतं, मी बघायला जात नाही."

दोन मिनिटांत फौजदार कोणता, बाईसाहेब कोणत्या, तिचं तिलाही सांगता येईना. टकली तेवढी ओळखू येत होती. ती कोपऱ्यात उभी राहून जाळीबाहेर बघत होती. पुढच्या रविवारी मधली गेली तेव्हा टकली पिंजऱ्यात नव्हती. तिनं काही विचारायच्या आतच पाखरंवाला म्हणाला, "नको विचारूस."

बाबांचा ताप थांबला. आठवडाभर वाटलं की दिवस फिरले. मग नाही फिरले. खोकला राहिला, धाप राहिली. घरात प्राणवायूचं यंत्र आलं आणि त्याची नळी बाबांच्या नाकाला लागली. ते गॅलरीत कधी गेले नाहीत. मधलीवर रुसले होते असंही नाही. पाणी मागायचे, खिडकी लावायला सांगायचे, शाळेचं विचारायचे. पण पूर्वी ती बोलत असताना ते तिच्याकडं बघायचे, तसं आता बघत नव्हते. एकदाच, एका दुपारी, यंत्राच्या घुरघुरीतून म्हणाले, "टकली अंडी देत असेल का ग?"

"देत असेल," मधली म्हणाली.

"मोठाले डाग," बाबा म्हणाले, आणि डोळे मिटले.

पक्षी गेल्यावर सहाव्या महिन्यात ते गेले. मधली शाळेत होती. वर्गात शिपाई आला आणि तिचं खरं नाव घेऊन हाक मारली, तेव्हा कुणाला बोलावतायत ते तिला आधी कळलंच नाही.

थोरला आला, आठ दिवस राहिला. जाताना पान्यानं पिंजऱ्याचे बोल्ट सोडवून पट्ट्या भंगारात देऊन आला. आत्यानं मधलीला जवळ घेऊन डोक्यावरून हात फिरवला. ह्या वेळी ती काही बोलली नाही. तिचं ते न बोलणंही मधलीला ऐकू आलं.

परीक्षेला ती बसली नाही. पुढच्या वर्षी धुलाईखान्यात आईच्या शेजारची बाई काम सोडून गेली आणि तिच्या जागी मधली उभी राहिली. काम अवघड नाही. चार टोकं, दोन माणसं, जवळ यायचं, लांब जायचं. दिवसात कित्येकदा मायलेकी समोरासमोर येत, आणि यंत्रांच्या आवाजात बोलायची सोय नसे. एकदा वीज गेली. यंत्रं थांबली, आणि एवढ्या मोठ्या तळघरात एकदम सामसूम झाली.

"मला माहीत होतं," आई म्हणाली.

मधलीनं वर बघितलं.

"पाखरांनी होतंय ते. डॉक्टरांनी सांगायच्या आधीच. सुट्टीच्या दिवशी बघायची ना मी, गॅलरीतून उठून आले की संध्याकाळी ताप. पण ते हसत होते तिथं. त्यांचं हसणं ऐकून मी भांडी घासायची." ती थांबली. "मीसुद्धा नाही बोलले, मधले."

आपल्याला हलकं वाटेल, असं मधलीला क्षणभर वाटलं. वाट पाहिली. तसं काही झालं नाही. आपल्या वाट्याचं होतं तेवढंच राहिलं. आईच्या वाट्याचंही होतं, एवढं नवीन कळलं.

मग वीज आली. पट्ट्यावरून वाळवलेल्या चादरींचा पुढचा ढीग सरकत आला. आईनं दोन टोकं उचलली, मधलीनं दोन.